वाचकांचे प्रश्न : राष्ट्राध्यक्ष नसलेली अमेरिका

प्रश्न : अमेरिका स्वतंत्र झाली १७७६ साली आणि वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले १७८९ साली. मधली तेरा वर्षे देशाचा कारभार कोण पाहत होते?

उत्तर : कारभार मुख्यतः तेरा राज्येच आपापला पाहत होती. त्यांच्या वर होती काँग्रेस, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, तीही एकाच सभागृहाची. स्वतंत्र राष्ट्राध्यक्ष नाही, केंद्राची नियमित न्यायव्यवस्था नाही. तिचे अधिकार ठरवणारा करारनामा काँग्रेसने नोव्हेंबर १७७७मध्ये मंजूर केला, पण मेरिलंड अडून बसल्यामुळे तो लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडले. व्हर्जिनियासारख्या राज्यांनी पश्चिमेकडच्या जमिनींवरचा हक्क सोडावा, असा मेरिलंडचा आग्रह होता.

राज्याने २ ते ७ प्रतिनिधी पाठवायचे, त्यांचा खर्च राज्यानेच सोसायचा, आणि मत मात्र राज्याला एकच. एकच प्रतिनिधी हजर असेल तर ते मत धरलेच जात नसे. दोघे असून त्यांचे पटले नाही तरी मत वाया. युद्ध, तह, कर्ज, खर्च यांसाठी ९ राज्यांची संमती लागे, आणि करारनाम्यात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची.

याचा फटका कसा बसे, ते १७८३च्या हिवाळ्यात दिसले. ब्रिटनशी झालेला पॅरिसचा तह सह्यांपासून सहा महिन्यांत, म्हणजे ३ मार्च १७८४पर्यंत, मंजूर होऊन युरोपात पोचायला हवा होता. काँग्रेस ॲनापोलिसला भरली होती, पण पुरेसे प्रतिनिधी होते फक्त ७ राज्यांचे. सातांवरच भागवावे, असे काहींचे म्हणणे पडले. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी थॉमस जेफर्सन यांनी त्याला विरोध केला, आणि तो योग्यच होता. नियम मोडून दिलेली मंजुरी ब्रिटनने का मानावी? अखेर साउथ कॅरोलायनाचे आजारी प्रतिनिधी येऊन पोचले, नऊ राज्ये भरली आणि १४ जानेवारीला तह मंजूर झाला. स्वातंत्र्याला मान्यता देणारा तह अशा रीतीने गणसंख्येपायी रखडला होता.

प्रश्न : काँग्रेसने सरळ कर का बसवले नाहीत?

उत्तर : तो अधिकारच तिला नव्हता. ती राज्यांकडे पैशांची मागणी करी. वसुली राज्याच्या विधिमंडळाने करायची. कोणाचा वाटा किती, हे जमीन आणि इमारतींच्या किमतीवरून ठरायचे होते, पण ते मूल्यांकन कधी पुरे झालेच नाही. त्यामुळे प्रत्येक राज्याला आपल्यावर जास्त बोजा पडल्यासारखे वाटे आणि शेजाऱ्याने भरल्याशिवाय आपण का भरा, असा विचार होई. १७८२ सालासाठी काँग्रेसने ८० लाख डॉलर मागितले. जानेवारी १७८४पर्यंत हाती आले १५ लाखांहूनही कमी. न देणाऱ्यावर कारवाईची तरतूदच नव्हती.

आयात मालावर ५ टक्के जकात हा उपाय दोनदा सुचवला गेला. १७८२मध्ये ऱ्होड आयलंडने तो एकट्याने अडवला. पुढच्या वेळी न्यूयॉर्कने जकात अधिकारी आपल्याच हाताखाली ठेवण्याची अट घातली आणि १७८६मध्ये तीही योजना बारगळली. न्यूयॉर्कला आपल्या बंदरातले उत्पन्न सोडायचे नव्हते. खरे दुखणे केंद्राच्या दुबळेपणापेक्षाही या एकमताच्या अटीत होते, असे आमचे मत आहे : बारा राज्यांना चूक दिसत होती, तरी ती दुरुस्त करता येत नव्हती.

प्रश्न : मग या काँग्रेसच्या हातून काहीच चांगले झाले नाही का?

उत्तर : झाले, आणि ते टिकले. १७८५च्या जमीन कायद्याने पश्चिमेकडच्या जमिनीची सहा मैल लांब-रुंद चौकोनांत मोजणी ठरली. प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग, एक भाग ६४० एकरांचा, भाव किमान एकरी १ डॉलर, आणि सोळावा भाग शाळेसाठी राखीव. अख्ख्या एका भागाचे किमान ६४० डॉलर एकदम भरणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, हा त्यातला मोठा दोष. १७८७च्या कायद्याने ओहायो नदीच्या वायव्येला गुलामगिरीवर बंदी घातली, आणि ६०,००० मुक्त रहिवासी झाले की त्या प्रदेशाला जुन्या राज्यांच्या बरोबरीने राज्याचा दर्जा देण्याची सोय केली. ओहायो १८०३मध्ये याच वाटेने राज्य झाले.