जर्मनीत स्वस्तात मिळणारं स्किनकेअर आणि मेकअप भारतीय त्वचेला चालतं का? काय घ्यावं?

तू लिहिलंयस की नाशिकहून मास्टर्ससाठी जर्मनीत येऊन तीन महिने झाले, गाल फुटलेत, मुरुमांचे जुने डाग जास्तच उठून दिसतायत आणि दुकानात एवढ्या बाटल्या बघून तू रिकाम्या हाताने परत येतेस. (मी वयाने मोठी असणार म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.) मी २०१६ साली म्युनिकला आले. मूळची रत्नागिरीची, मधली चार वर्षं पुण्यात. माझाही पहिला हिवाळा असाच गेला. मी डॉक्टर नाही, फक्त इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडावर भरपूर प्रयोग केलेत आणि त्यातले एक-दोन चांगलेच अंगाशी आलेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. फेसवॉश, क्रीम, लोशन जिथे सगळ्यात स्वस्त मिळेल तिथे घे आणि वाचलेले पैसे फाउंडेशनवर घाल. आपल्याकडच्या बहुतेक मुली नेमकं उलटं करतात. क्रीमवर चाळीस युरो, आणि फाउंडेशन मात्र पाच युरोचं, तेही दोन छटा फिकं.

क्रीम स्वस्त का चालतं? कोरड्या त्वचेला पाणी धरून ठेवणारं काहीतरी लागतं, ग्लिसरीन किंवा युरिया, आणि ते पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून स्निग्ध थर. ही गरज जर्मन बाईच्या गालाची आणि तुझ्या-माझ्या गालाची सारखीच. आमच्याकडे कोकणात टाचांच्या भेगांना भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, लावतात, तेही हा वरचा थरच देतं. ग्लिसरीन दोन युरोच्या बाटलीतलं असो नाहीतर पन्नास युरोच्या, ते ग्लिसरीनच. शिवाय २००९ चा युरोपीय सौंदर्यप्रसाधन कायदा दोन्ही बाटल्यांना एकच आहे. सुरक्षिततेचा अहवाल स्वस्तवाल्यालाही द्यावाच लागतो.

इथे 'ड्रोगेरी' नावाचा दुकानांचा प्रकार असतो हे तुला कळलंच असेल. नाव औषधाच्या दुकानासारखं, पण तापाची साधी गोळी तिथे मिळत नाही, त्यासाठी 'आपोथेके' गाठावं लागतं. ड्रोगेरीत दोन मोठी नावं. रॉसमान १९७२ मध्ये हानोफरला सुरू झालं आणि डीएम १९७३ मध्ये कार्ल्सरूहेला. साबण-शाम्पूची विक्रीची किंमत कारखान्याने ठरवून द्यायची ही पद्धत जर्मनीत त्याच सुमारास मोडीत निघाली आणि या दुकानांनी भाव पाडायला सुरुवात केली. आज दोघांचेही घरचे ब्रँड आहेत: डीएमचा बालेआ, रॉसमानचा इसाना. मी अंगाला लावायला या दोघांचं 'मेड' लिहिलेलं युरियाचं लोशन आलटून पालटून वापरते. बाटली तीन-चार युरोची, हिवाळ्यात महिनाभर सहज पुरते. पायाच्या नडग्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात ना, त्या आठवड्यात जातात. फुटलेल्या गालाला मात्र युरिया लावू नकोस, जाम चुरचुरतं. तोंडाला बालेआच्या 'मेड अल्ट्रा सेन्सिटिव्ह'मधलं साधं बिनवासाचं क्रीम घे. डब्यावर 'ओने पारफ्यूम' लिहिलंय का बघ, म्हणजे सुगंधाशिवाय. जर्मन लोकांना क्रीमला वास फार आवडतो, आणि फुटलेल्या त्वचेला तो सोसत नाही.

तुझे गाल फुटण्यात क्रीमपेक्षा पाण्याचा आणि हीटरचा दोष जास्त असेल. म्युनिकचं पाणी क्षाराचं आहे, किटलीत आठवड्याभरात पांढरा थर धरतो. तुझ्या गावाचं पाणी कसं आहे ते तुझी किटलीच सांगेल. मी सकाळी फेसवॉश लावणं सोडलं, नुसतं कोमट पाणी मारते. तोंड ओलसर असतानाच क्रीम लावायचं, पुसून कोरडं ठाक केल्यावर नाही. आणि रात्री हीटर बारीक करून झोप. तेवढ्याने अर्धं काम होईल.

आता डागांचं. आपली त्वचा वेगळी आहे ती इथे. आपल्यात मेलानिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त, म्हणून ऊन आपल्याला गोऱ्या लोकांपेक्षा बरं सोसतं, पण जखम झाली, पुळी फोडली, आग झाली की त्या जागी काळा डाग राहतो. गोऱ्या बाईच्या गालावर लाल डाग पडतो आणि बहुधा लवकर फिका होतो, आपला काळा डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. म्हणून इकडच्या मुली व्हिडिओत ज्या गोष्टी बिनधास्त तोंडाला फासतात, त्या आपण जपून वापरायच्या. मी २०१८ मध्ये डाग घालवायला एक आम्लाचं, त्वचा सोलणारं सीरम आणलं. दहा मिनिटं ठेवा असं लिहिलेलं, मी म्हटलं वीस मिनिटं ठेवू, लवकर जातील. गाल भाजले. आधी चार डाग होते, नंतर गालाचा नकाशा झाला आणि तो जायला आठ महिने लागले. चूक माझीच. आईला व्हिडिओ कॉलवर दिसू नये म्हणून मी तेव्हा कायम खिडकीकडे पाठ करून बसायचे.

डागांवर स्वस्तात काय चालतं तर नायसिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. बालेआसकट सगळ्यांकडे त्याचं सीरम असतं. त्रास देत नाही, पण काम सावकाश करतं. त्यावरची पायरी म्हणजे थायामिडॉल. मेलानिन बनवणाऱ्या एन्झाइमला आवर घालणारा हा रेणू हाम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने शोधला. युसेरिन आणि नीव्हिया हे दोन्ही ब्रँड याच कंपनीचे. युसेरिनचं 'अँटी-पिगमेंट' आपोथेकेत मिळतं, नीव्हियाचं 'ल्युमिनस ६३०' ड्रोगेरीत, आणि दोन्हींत थायामिडॉलच आहे. आपल्या आयांच्या कपाटात निळी डबी असायची, तेच हे नीव्हिया! ड्रोगेरीतलंही अगदी स्वस्त नाही, पण ऑफर लागते तेव्हा मी घेऊन ठेवते. गालांवर दोन्हीकडे सारखे पसरलेले तपकिरी पट्टे असतील तर तो वांग असू शकतो. मग स्वतः प्रयोग करत बसू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घे. ती मिळायला इथे वाट पाहावी लागते, म्हणून आजच फोन कर.

घरून येताना कुणाच्या हाती 'मेडिकल'मधून डागांची ट्यूब मागवू नकोस. त्यातल्या कितीतरी ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा चकचकीत होतो, मग त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात आणि ट्यूब बंद केली की पुळ्या उसळतात. माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी हे केलं. हळदीच्या दिवशी हळद लागल्या लागल्या ती रडायला लागली, इतकी आग. इथेही स्टेशनजवळच्या छोट्या दुकानांत गोरं करणारी क्रीमं दिसतील, त्यांत हायड्रोक्विनोन हे त्वचेचा रंग उतरवणारं रसायन निघू शकतं. युरोपात असं क्रीम विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे डब्यावर ते धड लिहिलेलंही नसतं.

सनस्क्रीन हा या सगळ्याचा सांधा आहे. इथे डब्यावर एसपीएफ नाही, 'एलएसएफ' लिहितात. सोबत एका वर्तुळात 'यूव्हीए' (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार, दुसरा यूव्हीबी) लिहिलेलं बघ. त्याचा अर्थ असा की यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश तरी आहे. डीएमचं सनडान्स, रॉसमानचं सनोझोन ही घरची सनस्क्रीनं. १९६४ पासून ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी श्टिफ्टुंग वारेनटेस्ट नावाची संस्था आहे, तिच्या चाचण्यांत ड्रोगेरीतली आणि सुपरमार्केटमधली स्वस्त सनस्क्रीनं पुष्कळदा महागड्यांच्या वरचढ ठरलेली आहेत.

फक्त 'नॅचरल' लिहिलेलं सनस्क्रीन घेऊ नकोस. प्रमाणित नैसर्गिक सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड एवढंच चालतं. गोऱ्या चेहऱ्यावर ते लपतं, आपण मात्र पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारख्या दिसतो. आपल्याला हवं ते बिस-इथिलहेक्सिलऑक्सिफेनॉल मेथॉक्सिफेनिल ट्रायझिन. एसटीच्या पाटीवर मावणार नाही असं नाव, पण यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवतं आणि पांढरं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही डाग गडद करतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे रंगीत सनस्क्रीनमधला तो तपकिरी रंग. फ्रेंच फार्मसी ब्रँडची रंगीत सनस्क्रीनं चांगली आहेत, पण बरीचशी एकाच छटेत येतात. गव्हाळ रंगावर जमून जातात, त्याहून सावळी असशील तर राखाडी किंवा भगवी दिसतात. मग साधं सनस्क्रीन लावून वर फाउंडेशन लाव, त्यातही आयर्न ऑक्साइडच असतं. पॅरिसला जाशील तेव्हा सँ-जेर्मँ भागातल्या सिटीफार्मा या औषधांच्या दुकानात डोकावून ये. आव्हेन, बायोडर्मा, ला रोश-पोझे तिथे जर्मनीपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. दुपारी जाऊ नकोस, विरारच्या लोकलची आठवण येईल.

एवढं सांगूनही, नोव्हेंबर ते जानेवारी मी सनस्क्रीन लावत नाही. इथे तेव्हा यूव्ही निर्देशांक एकच्या आसपास असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तीनच्या खाली संरक्षणाची गरज नसते. डागांसाठी फाउंडेशन पुरतं. या महिन्यांत काळजी करायची ती ड जीवनसत्त्वाची. आपल्या रंगाला ते बनवायला जास्त ऊन लागतं आणि इथल्या हिवाळ्यात ते नसतंच. रक्त तपासून घे.

आता पैसे घालायची जागा, फाउंडेशन. ड्रोगेरीच्या फळीवर 'सँड', 'बेज', 'आयव्हरी' अशी रांग लागलेली असते आणि आपला रंग सुरू होण्याआधीच ती संपते. त्याच कंपनीच्या गडद छटा ऑनलाइन असतात, दुकानात ठेवत नाहीत एवढंच. नुसतं गडद असून भागत नाही, आपल्या रंगाला खालून पिवळी किंवा हिरवट झाक असते. गुलाबी झाक असलेलं फाउंडेशन कितीही गडद घेतलं तरी चेहरा मानेपासून तोडल्यासारखा दिसतो. इटलीचं किको मिलानो बघ, परवडतं आणि छटा बऱ्या आहेत. नाहीतर सेफोरा या मेकअपच्या दुकानात जाऊन एकदाच तीस-पस्तीस युरो घालव. जबड्याच्या कडेला तीन छटा लाव, लगेच विकत घेऊ नकोस, बाहेर उजेडात चक्कर मार. अर्ध्या तासात काही छटा भगव्या पडतात. तेव्हा घरी पोचून पश्चात्ताप करण्यापेक्षा रस्त्यावर थंडीत कुडकुडलेलं बरं.

बाकीचा मेकअप पुन्हा स्वस्तातला घे. फ्रांकफुर्टजवळच्या कॉस्नोवा कंपनीचे एसेन्स आणि कॅट्रिस हे दोन ब्रँड प्रत्येक ड्रोगेरीत असतात. डोळ्यांखालच्या काळ्यावर फिका कन्सीलर लावला तर ते राखाडी दिसतं, आधी नारिंगी करेक्टर लावून मग कन्सीलर लाव. 'न्यूड' लिपस्टिक इथल्या ओठांच्या हिशेबाने बनवलेली असते, आपण आजारी दिसतो. विटकरी, मरून, तपकिरी घे. ब्लश फिका गुलाबी नको, जांभळासारखा गडद घे, बोटभर लावला की पुरे. आणि 'ब्रॉयनुंग' हा शब्द असलेलं काहीही घेऊ नकोस. मी एकदा दिवसाचं क्रीम समजून आणलं, ते निघालं उन्हात न जाता रापण्याचं लोशन. माझे तळवे चार दिवस हळदीकुंकवाला बसल्यासारखे पिवळे होते.

काजळ घरून आणायची गरज नाही. इथेही त्याला काजळच म्हणतात, पेन्सिलीवर चक्क 'काजल' छापलेलं असतं आणि एसेन्सची दीड-दोन युरोत येते. फक्त वॉटरप्रूफ बघून घे. जानेवारीत ट्रामची वाट बघताना वाऱ्याने डोळ्यांतून इतकं पाणी येतं की साधं काजळ हनुवटीपर्यंत पोचतं.