सोलापुरात जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचे टॅपेट घरच्या घरी सेट करता येतील का?

येतील की. मार्क ४ आणि १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणताय, तर शिकायला याहून सोपं इंजिन मिळायचं नाही. पण तुम्ही लिहिलंय, 'टकटक पूर्ण बंद करायचीय, मेस्त्री म्हणतो थोडे टाइट करून देतो.' तेवढं मात्र करू देऊ नका.

या इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, त्यामुळे बारीक टिकटिक राहणारच. टॅपेट सेट करणं म्हणजे ही फट मापात आणणं. फट वाढली तर आवाज वाढतो, गाडी जरा मंद वाटते. फट संपली तर आवाज नाहीसा होतो आणि व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे बंद होताना टेकायच्या कडेवर, नीट बसत नाही. एग्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकूनच हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, सोडतो. टेकायलाच मिळालं नाही की त्याची कड जळते.

त्यात आणखी एक भानगड आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशाचा थर या जुन्या हेडच्या सीटना सांभाळायचा, कारण सीट वेगळी बसवलेली नाही, बिडाच्या हेडमध्येच कापलेली आहे. आता उन्हाळ्यात हायवेवर गाडी लांबवर ताणली की एग्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खाली रुततो आणि फट आपोआप कमी होते. म्हणून कुणी हात न लावता गाडी 'छान गप्प' झाली असेल, तर ती आधी उघडून बघा.

माप इनलेट आणि एग्झॉस्ट दोन्हींना १५ थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच (साधारण ०.३८ मिमी), इंजिन थंड असताना. सोलापूरच्या मे महिन्यात थंड म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंच आहे. रात्रभर उभी असलेली गाडी पहाटे उघडायची, बस्स. होटगी रोडवरून येऊन तासभर बॉनेट उघडं ठेवलं तर ते थंड नव्हे.

फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा) इंचाचं घ्या आणि पानेही इंचीच वापरा, मिलिमीटरच्या पान्याने चेकनटचे (फटीचा स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटाचे) कोपरे जातात. चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हँडलने सहज फिरतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल नसेल तर गाडी टॉप गिअरला टाकून ढकला. टॅपेट कव्हर काढलं की आठ रॉकर दिसतील. रेडिएटरकडून मोजा: १, ४, ५, ८ एग्झॉस्ट, उरलेले इनलेट.

कुठला कधी सेट करायचा, तर बेरीज ९ आली पाहिजे. ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा १ सेट करा, ६ दाबलेला असताना ३, ४ दाबलेला असताना ५, ७ ला २. पुढे याच जोड्या उलट्या. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरच वरखाली होतात, दुसरा-तिसरा तसेच. त्यामुळे एका बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना जोडीतल्या दुसऱ्याखाली कॅमचा गोल, म्हणजे व्हॉल्व्ह न ढकलणारा, भाग येतो. डोक्यात टीडीसीचा (कुठला पिस्टन कधी सर्वात वर असतो त्याचा) हिशोब ठेवायलाच नको.

चेकनट ढिला करा, स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू फिरवा. पत्ती पुस्तकात दाबलेल्या नोटेसारखी, किंचित अडत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून तो घट्ट धरून आवळा आणि पुन्हा मोजा. निम्मं काम इथंच बिघडतं. रॉकर स्टँडच्या नटांना हात लावू नका, त्यातले काही हेडलाच धरून असतात.

सेट करण्याआधी आठही फटी मोजून वहीत लिहा, हे फार कमी लोक करतात. पुढच्या वेळी एखाद्या एग्झॉस्टची फट परत घटलेली दिसली तर कॉम्प्रेशन, म्हणजे त्या सिलिंडरचा दाब, बघा. दर वेळी तोच घटत असेल तर सेटिंगने भागणार नाही, हेड उतरवून कडक सीट बसवून घ्यावी लागेल.

कव्हर लावताना कॉर्कचं नवीन पॅकिंग टाका आणि नट बेताने आवळा. जोर लावला की कव्हर वाकतं, तेल मॅनिफोल्डवर गळतं आणि सिग्नलला बॉनेटमधून धूर निघाला की मागचे लोक उगाच घाबरतात.

एवढं करूनही एकच रॉकर ठणठणत राहिला तर त्याच्या टोकाला खळगा पडलेला असेल. सपाट पत्ती त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, म्हणजे माप १५ दिसतं पण खरी फट त्याहून मोठी असते. इंजिन आयडलवर ठेवून एकेका रॉकरखाली पत्ती सरकवा. आवाज जिथे थांबेल तो रॉकर लेथवाल्याकडे टोक घासायला द्या. रॉकर शाफ्ट काढताना हेडचे नट ढिले होतात, तेव्हा आधी रेडिएटरचं पाणी सोडा.