धडधड आणि रात्रीची जाग: निकोटिनचा हिशेब आधी मांडा

सिगारेट सोडून व्हेपवर (लिक्विडची वाफ ओढायची ई-सिगारेट) आल्यापासून छातीत धडधड, रात्री मध्येच जाग, दोन झुरके घेतल्याशिवाय डोळा लागत नाही आणि ईसीजी मात्र नॉर्मल. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, माझंही हुबेहूब असंच होतं.

धूर नसल्याने डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडतो. मला सगळ्यात महाग पडला तो एक दवाखाना. तिथल्या फॉर्मवर 'सिगारेट ओढता का?' एवढाच प्रश्न. 'सोडली' लिहिलं की विषय मिटला. व्हेपचं मी तोंडी सांगितलं तर म्हणाले, 'सिगारेटपेक्षा बरं.' लिक्विड किती टक्क्यांचं, दिवसाला किती संपतं, कुणी विचारलं नाही. थेट अँग्झायटीच्या गोळ्या. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो हे काय डॉक्टरांना मी सांगायचं? अजून संताप होतो.

हिशेब बघा. लिक्विड ५ टक्क्यांचं म्हणजे मिलिलीटरला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. २ मिलिलीटरच्या पॉडमध्ये (व्हेपमध्ये बसवायची लिक्विडची कुपी) १०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात जातं ते १ ते दीड मिलिग्रॅमच्या आसपास. पॉडमधलं सगळं शोषलं जात नाही, मान्य, पण अंदाज येतो. त्यात निकोटिन सॉल्ट, म्हणजे अशा लिक्विडमधलं क्षाररूपातलं निकोटिन, घशाला फारसं लागत नाही आणि सिगारेट संपते तसा पॉड लवकर संपत नाही, त्यामुळे थांबायचं कुठे ते कळतच नाही. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. रात्री उठवते ती बहुधा ही तलफच.

कॉफी किती पिता? सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन लवकर मोडतं. धूर बंद झाला की, निकोटिन चालू असलं तरी, तेवढीच कॉफी जास्त चढते. निम्मी करून बघा. क्लोझापिन (मानसिक आजारावरचं), थिओफिलिन (दम्यावरचं) यांसारख्या औषधांचंही तसंच होतं, चालू असतील तर डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मी डॉक्टर नाही, पण माझं ठाम मत आहे की नुसतं कमी टक्क्यांचं लिक्विड आणून भागत नाही, झुरके वाढतात. आधी रात्रीचे झुरके बंद करा, व्हेप दुसऱ्या खोलीत ठेवा. मग डॉक्टरांना विचारून व्हेपऐवजी निकोटिनचा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी) आणि गम. गम सतत चघळायचा नाही. थोडा चावून गालात धरायचा, आणि त्याआधी १५ मिनिटं कॉफी किंवा ज्यूस नको. पॅचने विचित्र स्वप्नं पडली तर तो रात्री काढता येतो का, तेही विचारा. घरात लहान मूल असेल तर लिक्विडची बाटली कुलपात. थोडंसं पोटात गेलं तरी विषबाधा होऊ शकते.

छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडलात तर इथल्या उत्तरांची वाट बघू नका, सरळ इस्पितळ गाठा. आणि वैतागून परत सिगारेटकडे मात्र वळू नका.

पुढच्या भेटीला पॉडचं खोकं सोबत न्या. टक्के आणि रोजचे मिलिलीटर केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.