पाच वर्षांची कोंबडी एकाएकी मान टाकून बसली, काय झालं असेल?

तुम्ही लिहिलंय की चारपैकी एकच कोंबडी बसली आहे, बाकीच्या तिघी नीट खातायत. मला यातच अर्धं उत्तर दिसतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, सहसा एकीवर थांबत नाही. लस नसेल तर चार-आठ दिवसांत खुराडं रिकामं करते. म्हातारी कोंबडी एकटीच बसली असेल तर आधी तिचं पोट बघा.

मी नाशिकच्या मखमलाबादला राहते. आमची थोरली तांबडी अशीच पाच वर्षांची होती. संध्याकाळी दाणे टिपून गेली आणि सकाळी पेंग्विनसारखी उभी, शेपटी खाली, डोळे मिटलेले, तुरा फिका. डिसेंबर होता, मला वाटलं थंडी बाधली. उचलली तेव्हा हाताला कळलं. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, आणि मागे दोन पायांच्या मधे पोट पाणी भरलेल्या फुग्यासारखं ताणलेलं. एवढा मांसाचा ऱ्हास एका रात्रीत होत नाही. ती कित्येक दिवस आजारी होती आणि पिसांखाली मला दिसलं नव्हतं. कोंबडी दुखणं लपवते, कारण अशक्त दिसली की बाकीच्या टोचून काढतात.

तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी उघडून दाखवली तेव्हा पोटात गढूळ पाणी आणि उकडल्यासारखे पिवळे गोळे होते. बलक अंडनलिकेत पडायच्या ऐवजी पोटात पडला की तिथे जंतू वाढतात, पोट सुजतं. वय झालेल्या, भरपूर अंडी दिलेल्या कोंबड्यांत हे फार आढळतं. बीजांडकोशाच्या गाठीही याच वयात होतात आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आज रात्री बॅटरी घेऊन तिला हातात घ्या. पिसांच्या मुळाशी आणि बसायच्या दांडीच्या फटींत गोचीड-पिसवा बघा, त्या रक्त पिऊन तुरा पांढरा पाडतात. सकाळी दाणे टाकायच्या आधी गळ्याखालची पिशवी चाचपा. ती रिकामी हवी. कडक किंवा आंबूस वासाची लिबलिबीत असेल तर अन्न अडकलंय. अंडं अडकल्यासारखं वाटलं तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पण पोट दाबू नका. आत अंडं फुटलं तर जिवावर बेततं. तिला वेगळी, उबेत ठेवा. घरातली माणसांची अँटिबायोटिक गोळी कुटून देऊ नका, हे कळकळीने सांगते. आणि कोणी “कापून टाका, खाऊन तरी होईल” म्हणालं तर ऐकू नका.

दुसरी कोंबडी बसली किंवा एकदम मेली, तर मात्र सगळा विचार बदला. उघड्या हाताने शिवू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नाशिक विभागात, नवापूरला.

पोट भरलेलं लागलं तर डॉक्टरांना सुईने पाणी काढता येईल का विचारा. आमच्या दुसऱ्या कोंबडीचं काढलं होतं. त्यानंतर तिने एकही अंडं दिलं नाही, पण चार महिने रोज दुपारी शेवग्याखाली मातीत लोळायची.