घरपट्टी माफ केली तर शाळा बंद पडते का?

प्रश्न : भाऊ, मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. लेक-जावई अमेरिकेत, टेक्सासात राहतात. तिथं त्यांनी घर घेतलं. परवा लेक फोनवर सांगत होती, "बाबा, आमचा घराचा टॅक्स कमी झाला, पण इथल्या शाळा त्याच टॅक्सवर चालतात." इकडं आमच्या ग्रामसभेत ठराव येतो आहे, की नापिकीमुळं राहत्या घरांची घरपट्टी माफ करा. मी हात वर करणारच होतो, तर शाळेतल्या बाई म्हणाल्या, "काका, मग शाळेचं कसं?" आपल्याकडं घरपट्टीचा अन् शाळेचा संबंध काय? नातू तिसरीत आहे म्हणून विचारतो. माझी घरपट्टी वर्षाला 1,140 रुपये.
– एक वाचक

उत्तर : भाऊ, आधी नातवाची काळजी मिटवतो. घरपट्टी माफ झाली म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप लागत नाही. गुरुजींचा पगार राज्य सरकारचा. खिचडीचा तांदूळ केंद्राचा, पुस्तकं समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून. शहरात मालमत्ताकराच्या बिलावर शिक्षण कर वेगळा लावलेला असतो. तुमच्या मागणी बिलावर घर, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी एवढंच दिसेल.

लेकीचं म्हणणं तिच्या गावापुरतं खरं आहे. टेक्सासात पगारावर राज्याचा आयकर नाही, आणि मालमत्ताकराचा मोठा वाटा तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाला जातो. राहत्या घराच्या किमतीतले पहिले 40,000 डॉलर या शाळा-करातून वगळलेले होते. 2023 मध्ये ते 1 लाख झाले आणि नोव्हेंबर 2025 च्या मतदानात 1 लाख 40 हजार. पण सूट देतानाच शाळांची तूट राज्याच्या तिजोरीतून भरायची सोय त्यांनी केली. तुमच्या ठरावात ही भरून देण्याची ओळ आहे का, तेवढं वाचून पाहा. मी 31 वर्षं ग्रामसेवकी केली, माफीचे ठराव पुष्कळ लिहिले, ही ओळ लिहिल्याचं काही आठवत नाही.

आता बाईंचं. त्या उगाच बोलल्या नाहीत. माझ्या एका गावी शाळेचा पट 42. एवढ्या शाळेला समग्र शिक्षाचं अनुदान वर्षाला 25,000 रुपये. पट 30 वर आला की 10,000. त्यातच खडू, दुरुस्ती, संडासाची सफाई, विजेचं बिल. एका फेब्रुवारीत 7,860 रुपये थकले म्हणून लाइनमन येऊन वायर काढून गेला. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर तिथल्या बाईंनी आपली जुनी ओढणी टाकून ठेवली, धूळ बसू नये म्हणून. मोटर बंद, म्हणून पोट्टे हापशीवरून बादल्या आणून संडासाच्या दारात ठेवत. मार्च संपता संपता बिल भरलं ते ग्रामनिधीतून, म्हणजे घरपट्टीच्या पैशातून.

काहून, तर दुसरा पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगातून, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या पैशातले 60 टक्के पाणी अन् स्वच्छतेलाच बांधलेले होते, आणि उरलेल्यातूनही शिपायाचा पगार देता येत नव्हता. पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न तेवढं हातात येतं. त्यातलेही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणाला, 5 टक्के दिव्यांगांना राखून ठेवावे लागतात. मग शिपाई, पाणीवाला, दिव्यांचं बिल. शाळेचा नंबर शेवटी लागतो, आणि पैसा आटला की पहिला तोच कटतो.

तरी नापिकीचं दुःख खोटं नाही. कापूस घरात पडून असताना वसुलीला दारात जायला मलाही जड जायचं. पण सरसकट माफीत सुटतो कोण? 2015 च्या सुधारणेपासून आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर होते. माझ्या त्याच गावात मातीच्या घराला 190 रुपये यायचे आणि रोडवरच्या दुकानदाराच्या दोन मजली स्लॅबला 4,200. माफी दोघांना सारखी दिली तर खरी दिवाळी कोणाची, ते तुम्हीच पाहा. शिवाय ग्रामसभेनं हात वर केले की घरपट्टी शून्य, असंही नसतं. दराची किमान अन् कमाल मर्यादा नियमात आहे, पंचायतीला तिच्या आतच हलता येतं. म्हणून ठरावात माफी मागण्यापेक्षा मातीच्या आणि टिनाच्या घरांना किमान दर लावा, असं मागा. अन् त्याच बैठकीत शाळेच्या मीटरचं बिल वाचून दाखवायला सांगा, ते इतिवृत्तात आलं पाहिजे.

राहिले तुमचे 1,140. हा आकडा मला जास्त वाटतो. नमुना 8 चा, म्हणजे घराच्या आकारणीच्या नोंदीचा उतारा काढा आणि गोठा स्लॅबमध्ये धरला आहे का ते बघा. ही चूक मी स्वतः केलेली आहे, पावसाळ्यात बाहेरूनच मोजमाप घेऊन. तसं निघालं तर पंचायतीकडे लेखी हरकत द्या, नाही ऐकलं तर अपील पंचायत समितीकडे. तोवर भरणा अडवू नका. 30 सप्टेंबरच्या आत भरलं तर 5 टक्के सूट असते, म्हणजे तुमचे 57 रुपये. पावती नमुना 10 ची घ्या, आणि सूट लावली का ते खिडकीवरच पाहा. माझ्या वेळी दहातले आठ जण ती मागतच नव्हते.