शेवटी धक्का देणारी कथा वाचकाला फसवते का?

तुम्ही विचारलंय की लघुकथेच्या शेवटच्या दोन ओळींत लेखक सगळं उलटंपालटं करून टाकतो, तेव्हा वाचकाला उल्लू बनवल्यासारखं वाटतं, तर हे योग्य आहे का. (दिवाळी अंकातली कुठलीतरी कथा वाचून चिडून विचारलंय असं वाटतंय, बरोबर ना?)

माझं मत विचाराल तर धक्क्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मधे कुठेतरी लेखक सरळसरळ खोटं बोललाय असं कळलं की माझं डोकं फिरतं आणि परत त्या माणसाचं मी काही वाचत नाही.

आमच्याकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूला जत्रेला देवळासमोर मराठी नाटक असतं. गावचेच नट, गावचाच प्रॉम्प्टर, मेकअपवाला तेवढा बाहेरून. एका वर्षी पोरांनी रहस्यमय नाटक घेतलं, तीन अंकी, पहिल्या अंकात खून, आणि दोन अंक आम्ही सगळे थंडीत शाली गुंडाळून संशय घेत बसलो, कोणी दिवाणजीवर, कोणी सुनेवर. आणि शेवटच्या प्रवेशात कोण निघाला खुनी तर मयताचा धाकटा भाऊ, जो आफ्रिकेतून आदल्या दिवशी आला होता म्हणे आणि तोपर्यंत स्टेजवर एकदाही दिसला नव्हता! पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हो कोण रे आतां?" सगळा मंडप हसला, आणि बिचारा खुनी स्वतःचा कबुलीजबाबच विसरला.

आता गंमत बघा, 1929 साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रजाने (खराखुरा कॅथलिक पाद्री, आणि वर रहस्यकथाही लिहायचा) रहस्यकथेसाठी दहा नियम काढले होते, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार हा कथेत सुरुवातीलाच कुठेतरी येऊन गेलेला असावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवलेत असा तो नसावा. यातला पहिला अर्धा भाग त्या म्हातारीला आधीच ठाऊक होता. दुसरा अर्धा मला हात पोळल्यावर कळला.

म्हणजे झालं असं, मी एक कथा लिहिली होती. चोडणहून एक म्हातारा रोज फेरीबोटीने रायबंदरला येतो, हातात पेजेचा डबा, बायको इस्पितळात आहे, आणि शेवटच्या ओळीत कळतं की ती वारून दोन वर्षं झालीत. मला वाटलं काय जबरदस्त शेवट जमलाय. एका अंकाला पाठवली तर परत आली, सोबत संपादकांचं एका ओळीचं पत्र, "तिसऱ्या पानावर तो मनात काय म्हणतो ते पुन्हा वाचा." वाचलं. मी लिहिलं होतं, 'आज तिला जरा बरं वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं.' अरे, पण त्याला तर माहीत आहे ना ती गेली ते! म्हातारा खोटं बोलत नव्हता, मी बोलत होतो, त्याच्या मनात शिरून. त्याला भ्रम झालाय असं दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी, पण मला तसं काही म्हणायचंच नव्हतं, मला फक्त वाचकाला गुंगवायचं होतं. आठवडाभर संपादकांवर चिडून होतो ते वेगळंच.

याच्या उलट फ्रेंच लेखक मोपासांची ती हाराची गोष्ट घ्या, 1884 ची. (वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा, प्लीज.) बाई मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार एका रात्रीपुरता मागून नेते, हरवते, नवराबायको 36,000 फ्रँकचा तसाच हार विकत घेऊन परत देतात आणि दहा वर्षं कर्ज फेडत राबतात, आणि शेवटी कळतं की मूळ हार नकली होता, फार तर 500 फ्रँकचा. पहिल्यांदा वाचली तेव्हा पोटात खड्डा पडला होता. मग परत वाचली तर दिसलं की सगळं आधीच सांगून ठेवलंय. हाराच्या डबीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव होतं तो म्हणतो हार मी विकलेला नाही, माझी फक्त डबी असेल. आणि मैत्रीण एवढा मोठा हार मागितल्याबरोबर देऊन टाकते! आपण ते वाचतो आणि पुढे जातो, कारण त्या बाईसारखंच आपणही चमकलं की हिरा धरून चालतो. तिथे लेखकावर चिडायला जागाच नाही.

काही लोक म्हणतात की शेवट आधी कळला तर कथेत राहतंच काय. 2011 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघांनी 12 लघुकथा घेऊन हे तपासलं होतं, काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही, आणि ज्यांना आधी सांगितला होता त्यांनाच कथा सरासरी जास्त आवडल्या, धक्क्याच्या शेवटाच्या धरून. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही, पहिला धक्का मला हवाच असतो. पण आमच्याकडच्या काल्यात (जत्रेतलं दशावतारी नाटक) संकासूर वेद चोरणार आणि विष्णू त्याला मारणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी लोक रात्रभर जागतातच की.

फेरीबोटीची कथा मी नंतर बदलली. मनातलं सगळं काढून टाकलं, फक्त दिसतं तेवढंच ठेवलं. जाताना म्हातारा डबा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी सरळ धरतो, आणि परतीच्या फेरीतही तसाच धरतो, बस्स. आईला वाचून दाखवली. परतीच्या फेरीपर्यंत आलो आणि ती म्हणाली, "ती केन्नाच मेल्या न्ही रे?" मी कागद खाली ठेवले, म्हटलं कळलंच तर आता कशाला वाचू. तर म्हणे थांबलास कित्याक, वाच फुडें, तो पेजेचें कितें करता तें सांग.