काळोख्या खोलीतला महिना

प्रश्न : मी नागपूरहून एमबीबीएस केले असून इंटर्नशिपही संपली आहे. अमेरिकेत रेडिओलॉजीत रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) करण्याचा विचार आहे. तेथे ऑब्झर्व्हरशिपमध्ये, म्हणजे रुग्णालयात केवळ निरीक्षक म्हणून राहताना, रुग्णाला हातही लावता येत नाही. मग महिनाभराचा हा खर्च सार्थकी लागतो का?

उत्तर : इतर शाखांच्या मानाने रेडिओलॉजीत ही अडचण कमी जाणवते, कारण येथील बरेचसे काम अंधाऱ्या रीडिंग रूममध्ये पडद्यासमोर चालते. छातीचा एकच सीटी आधी फुप्फुसाच्या, मग हाडांच्या विंडोमध्ये (तो भाग ठळक दिसेल अशा छटांत) पाहताना वरिष्ठ डॉक्टरांची नजर कोठे थांबते, हे शेजारी बसूनच कळते. अहवाल लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नसला, तरी आपले निदान वहीत मनाशी लिहून नंतर त्यांच्या अहवालाशी ताडून पाहा; प्रश्न मात्र त्यांचे डिक्टेशन थांबल्यावरच विचारा. पडद्याचा फोटो मोबाइलवर काढण्याचा मोह कटाक्षाने टाळा, कारण तेथे रुग्णाच्या गोपनीयतेचा कायदा कडक आहे.

यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे, म्हणजे स्टेप १ चे गुण जानेवारी २०२२ पासून दिले जात नाहीत, केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण कळते. त्यामुळे स्टेप २ सीके या पुढच्या टप्प्याचे गुण आणि तुम्हाला जवळून पाहिलेल्या डॉक्टरांचे शिफारसपत्र यांना वजन आले आहे. चार आठवडे एकाच विभागात काढणे मला म्हणूनच अधिक शहाणपणाचे वाटते. रेडिओलॉजीच्या ४ वर्षांआधी १ वर्ष मेडिसिन, सर्जरी किंवा तत्सम विभागात काढावे लागते, तेव्हा या महिन्याखेरीज मेडिसिन विभागातही एखादे रोटेशन (काही काळाची हजेरी) अवश्य करा.